टॉवेल-टोपी

३ जानेवारी, शुक्रवार

मिलच्या शेठनी यंदाही डायरी दिली. वर तूरडाळीच्या ढिगाचा फोटो, आत पानोपानी मिलचं नाव. दरवर्षी ही डायरी नूतन धुळ्याला घेऊन जाते. यंदा तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "अजून आली नाही." डायरी तेव्हा कपाटात शर्टांच्या खाली होती. म्हणजे वर्षाची सुरुवातच बायकोशी खोटं बोलून झाली.

खोटं बोललो कारण मला लिहायचं आहे आणि जे लिहायचं आहे ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

नूतन एस.टी.त कंडक्टर आहे, धुळे डेपोला. मी जळगावला डाळ मिलमध्ये सुपरवायझर. तीन वर्षांपूर्वी माझी आई गुडघ्याच्या औषधासाठी पंधरा दिवस म्हणून नूतनच्या खोलीवर गेली आणि तिकडचीच होऊन बसली. लोक विचारतात, "आई कोणाकडे असते?" मी म्हणतो, "बायकोकडे." लोक हसतात. मीही हसतो, पण मनातून ओशाळतो.

मिलला शुक्रवारी सुट्टी, म्हणून नूतनने डेपोत भांडून स्वतःची वीकली ऑफ शुक्रवारी करून घेतली. दर शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते, घर झाडते, माझ्यासाठी दोन दिवस पुरेल एवढं करून ठेवते आणि संध्याकाळी जाते. आज तिला स्टँडवर सोडलं. गाडी वळून फाटकाबाहेर गेली आणि मला बरं वाटलं. हेच ते. गेले वर्षभर ती गेली की मला बरं वाटतं.

तिचा काही दोष नाही. दोष असता तर किती सोपं झालं असतं! सतरा वर्षं झाली लग्नाला. मूल होईना म्हणून आधी डॉक्टर केले, मग देव केले. दोन्ही थांबले आणि त्यांच्याबरोबर आमचं बोलणंही थांबलं. आता नळाला पाणी आलं का, आईची गोळी संपली का, एवढंच. ती घरात असली की मी परक्याच्या घरी आल्यासारखा आवरून बसतो. असा माणूस नवरा म्हणवतो स्वतःला.

७ जानेवारी, मंगळवार

आज चुडामणला सांगितलं. तो मिलच्या ऑफिसात असतो, माझा एकुलता एक मित्र. दोन वर्षांपूर्वी त्याची सोडचिठ्ठी झाली, तेव्हापासून या विषयातला तो जाणकार.

"दुसरी कोणी हाये का?" त्याने आधी तेच विचारलं.

"नाही."

"मग तिचं कोणी?"

"काहीतरीच काय!"

"मग कशाला सोडतो भो?"

 बरं वाटतं म्हणून, असं कसं सांगणार?

तो म्हणाला, "ठरलं असेल तर वकील कर. पहिले तू कर. तिनं पहिले केला तर बसशील कपाळाला हात लावून. आणि जळगावात करू नको, इथं निम्मे वकील आपल्या नात्यातले. धुळ्यात कर."

"आणि आई?"

"आई तुझी हाये. कोर्ट काय आई वाटत बसत नाही. आणायची इकडं."

हे त्याने चहाची ऑर्डर द्यावी तसं सांगितलं. माझ्या डोक्यातून मात्र ते दिवसभर गेलं नाही. आईला इकडे आणायचं. म्हणजे नूतनकडून काढून आणायचं. तीन वर्षं रात्री उठून आईचे गुडघे नूतनने चोळले आणि मी महिन्यातून एकदा केळी घेऊन जाणारा.

१७ जानेवारी, शुक्रवार

नूतन शिलाई मशीन घेऊन गेली. "आईंना बसल्या बसल्या अभ्रे शिवायचेत," म्हणाली. मशीन मी रिक्षात घातलं, गाडीच्या टपावर चढवलं, दोरीने बांधलं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, साहेब लई मदत करतात." नूतन खाली बघत होती.

मला मात्र फार समाधान वाटलं. तिच्या उपयोगी पडलो. हात दुखताहेत ते दुखू देत.

२६ जानेवारी, रविवार

मिल बंद, म्हणून धुळ्याला गेलो. उखर्डूमामा पारोळ्याकडून आला होता, शेतातली हिरवी वांगी घेऊन. नूतनच्या खोलीवर गच्ची आहे. तिथे कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. सोलली मी. नूतनने ठेचली आणि आई खाटेवरून हुकूम सोडत होती. मामा म्हणाला, "काय रे भाचा, बठ्ठं भरीत तूच खाई जाशी का?" सगळे हसले. नूतनसुद्धा. ती हसली की गालाच्या एकाच बाजूला खळी पडते, हे मी विसरलो होतो.

मामा निघाला तेव्हा आईने त्याला पाटावर बसवून कुंकू लावलं आणि टॉवेल-टोपी दिली. आईचं हे कधी चुकत नाही. पाहुणा असो, भाऊ असो, गावाकडचा कोणी असो, रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. मी गमतीने म्हणालो, "आई, मला तर आजपर्यंत एक टोपी दिली नाहीस."

"तू घरना शे," आई म्हणाली. "घरनाले कोनी टोपी देस का?"

येताना गाडीत तेच डोक्यात. परवा मंगळवारी मी याच गावात वकिलाकडे जाणार आहे. चुडामणने नाव काढून दिलंय. मंगळवारी नूतनची ड्युटी कुठे आहे तेही मी विचारून घेतलं. शिरपूर फेरी आहे म्हणाली. किती वर्षांनी मी तिची ड्युटी विचारली! तिला बरं वाटलं असेल. कशासाठी विचारली ते तिला कळलं असतं तर?

२८ जानेवारी, मंगळवार

वकिलाचं नाव रुपचंद. कोर्टाच्या मागच्या गल्लीत जिना चढून ऑफिस. साठीचा माणूस, शांत. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. लिहून घेत होता. बायकोचं नाव विचारलं. मी म्हणालो, "नूतन. एस.टी.त कंडक्टर आहे, इथेच."

त्याने पेन टेबलावर ठेवलं. चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. म्हणाला, "हे काम मला घेता येणार नाही."

"का साहेब?"

"कारण सांगता येत नाही. फी नको. दुसरा वकील बघा." मी जिन्यापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "लवकर बघा."

मी गल्लीत उभा राहून घाम पुसत होतो, जानेवारीच्या थंडीत. त्या माणसाने मला ओळखलं. तीस-चाळीस वर्षं नवरा-बायकोच्या भांडणांत काढलेला माणूस, त्याला चेहऱ्यावरूनच कळलं असणार की हा काही कारण नसताना चांगल्या बाईला टाकायला निघालाय. असलं पापाचं काम नको, म्हणून हात झटकले. आणि लवकर बघा म्हणजे काय, तर माझ्या ऑफिसातून लवकर नीघ.

एवढ्यावर भागलं नाही. जळगावच्या गाडीत चढलो, खिडकीशी बसलो आणि तिकिटाचं मशीन घेऊन समोर नूतन. खाकी कोट, खांद्याला पिशवी.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"तू? शिरपूर होतं ना?"

"चौधरी बाई आजारी पडल्या. मी त्यांची ड्युटी घेतली." मग जरा थांबून, "इकडे कसे काय?"

"मिलचं काम होतं. चाळणीची जाळी बघायला."

ती माझ्या हातांकडे बघत होती. हातात काहीच नव्हतं. मग तिने तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेली. गाडी गच्च भरलेली. बायकांना अर्धं तिकीट देत, पोरांना मागे सरकवत, म्हातारीला जागा करून देत ती मागेपर्यंत गेली आणि परत पुढे आली. एवढ्या लोकांत तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. एरंडोलला एकदा पाण्याची बाटली मात्र माझ्या मांडीवर ठेवून गेली. मी ती प्यायलो नाही. 

३१ जानेवारी, शुक्रवार

नूतनने आज मला बट्टी करायला शिकवली. कणीक किती घट्ट, उकडायची किती, तुपात कधी सोडायची. वरण कसं घोटायचं तेही. "तुम्हाला यायला पाहिजे," म्हणाली. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हळद, धणे, तीळ. सतरा वर्षं मला हळदीचा डबा कुठला ते माहीत नव्हतं, हेही आज कळलं.

किती काळजी करते! आणि मी तिच्या पाठीमागे जिने चढतो. बट्टी चांगली झाली होती, पण प्रत्येक घासाला रुपचंद वकिलाचं तोंड आठवत होतं.

जाताना भरताची वांगी ठेचायची बडगी घेऊन गेली. आईला आता दर रविवारी भरीत लागतं म्हणे. लाकडाची जुनी, जड. मीच उचलून नेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चुडामणने दुसऱ्या वकिलाचा नंबर दिला, जळगावचाच. "नात्यातला हाये पण तोंडाचा पक्का." संध्याकाळी नूतनला गाडीत बसवलं आणि तसाच त्याच्याकडे गेलो. बाहेर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिने मला विचारलं, "तुमचं पण तेच का भाऊ?" मी म्हणालो, "नाही, माझं शेताचं आहे." नसलेल्या शेताचं. मग तिथे बसवेना. उठून आलो.

चुडामण फोनवर चिडला. "तू करणार नाही काही. ती करेल आणि तू पाहत राहशील." मी म्हणालो, "नूतन तसली नाही." हे सांगताना मला तिचा अभिमान वाटला. स्वतःची मात्र किळस आली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नूतनचा फोन. डेपोत वीकली ऑफ बदलल्या, तिला आता मंगळवार मिळाला. "मंगळवारी तुम्ही मिलमध्ये असणार. मग मी येऊन काय करू?" म्हणाली. मी म्हणालो, "डेपो मॅनेजरला सांगून बघ." ती म्हणाली, "नको. किती भांडायचं."

मला बरं वाटायला हवं होतं. शुक्रवार आता माझा, संध्याकाळी स्टँडवर जायला नको. पण पाच वाजता मी चप्पल घातली आणि दारात उभा राहिलो. मग आत येऊन वरण लावलं. हळद लगेच सापडली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. ती रजा काढून आली. तिच्या लग्नातली लोखंडी पेटी आणि हिवाळ्याच्या रजया नेल्या. "तुमचं घर जरा मोकळं होईल," म्हणाली. खरंच मोकळं झालं. बाहेरच्या खोलीत आता बोललं तर आवाज घुमतो.

पेटी उचलताना तिचा हात माझ्या हाताला लागला. तिने काढून घेतला नाही, मीही नाही. दोघं तसेच पेटी धरून उंबऱ्यात उभे. मग रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तिचे डोळे भरले होते. रंगाचं कारण सांगितलं, पण तिला कुणी रंग लावला नव्हता.

मला सगळं समजलं. तिला माझी ओढ आहे, बोलता येत नाही इतकंच. सतरा वर्षं ती न बोलता करत राहिली आणि मी दगड.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी उभारली, एकट्याने. साखरेची माळ वाकडी बांधली गेली.

ठरलं. वकील नाही, कुठलाच नाही. चुडामणला सांगून टाकलं. तो म्हणाला, "बरं वाटतंय का आता?" मी म्हणालो, हो. खरंच वाटतंय. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. अशा बाईला सोडून मी कुठे जाणार होतो? मी मनातल्या मनात तिचा एवढा मोठा अपराध केला आणि तिला त्याचा पत्ताही नाही. आता भरपाई करायची.

११ एप्रिल, शुक्रवार

जिल्हा पेठेत तळमजल्यावरचं घर बघितलं. दोन खोल्या, अंगण, जिना नाही. आईच्या गुडघ्यांना बरं. नूतनला जळगाव डेपोला बदली मागायला सांगायचं, मी स्वतः तिच्याबरोबर साहेबांकडे जाईन. अंगणात निंबाचं झाड आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधता येईल.

आखाजीला लेकी माहेरी येतात. नूतनचे आई-वडील गेले, भाऊ सुरतेला, तो काही तिला घ्यायला येत नाही. तीन वर्षं माझी आईच तिची आखाजी करते. बांगड्या भरते, साडी घेते, सांजोऱ्या करून खाऊ घालते. यंदा साडी मी घेतली. मोरपिशी. दुकानदाराने विचारलं, "वहिनींना कुठला रंग आवडतो?" मी म्हणालो, "हाच." अंदाजाने.

आखाजीला जाऊन सगळं एकदम सांगणार. घराचं, बदलीचं. वकिलाचं सांगायचं की नाही ते अजून ठरत नाही. सांगितलं तर आनंदावर पाणी पडेल.

२९ एप्रिल, मंगळवार

हे धुळ्यात लिहितोय, गच्चीवर. डायरी बॅगेत आणली होती. घराचं सांगताना त्या खोल्यांचं यात काढलेलं चित्र दाखवायचं होतं.

चित्र दाखवलंच नाही.

मी पोचलो तेव्हा आई शेजारी सांजोऱ्या करायला गेली होती. नूतन म्हणाली, "बरं झालं तुम्ही आज आलात. बसा." मशीन खिडकीशी, पेटी पलंगाखाली, बडगी ओट्यावर. मीच वाहून आणलेलं सगळं. तेव्हाच समजायला हवं होतं मला. एवढी वर्षं डाळीतले खडे वेगळे करायला लावतो लोकांना आणि डोळ्यांसमोरचं दिसलं नाही.

ती म्हणाली, "मला वेगळं व्हायचंय. कायद्याने." तिचा आवाज तिकीट देताना असतो तसा सरळ होता. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही कधी मारलं नाही, टाकून बोलला नाहीत. पण मी शुक्रवारी येते आणि तुम्ही मी जाण्याची वाट बघता. मला दिसतं ते. गाडी निघाली की आरशात तुमचा चेहरा दिसतो."

  आरसा खोटं बोलत नव्हता.

"मी वकिलाकडे जाऊन आले. तुमच्या पाठीमागे. हे मला फार लागलंय. सांगायला दरवेळी यायचे आणि एक वस्तू घेऊन परत जायचे." आणि ती खाली वाकली, माझ्या पायाला हात लावला. "मला माफ करा. असं चोरून करायला नको होतं."

इथे मी बोलायला हवं होतं. वाक्य ओठांवर होतं, मीसुद्धा, एवढाच शब्द. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे."

असू दे! जणू मी कोणी मोठ्या मनाचा. ती रडत म्हणाली, "तुम्ही चांगले आहात." यापेक्षा तिने तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

मग तिने मागणं मागितलं. पोटगी नको, दागिने नको. "आई माझ्याकडे राहू द्या. मी रुपचंद वकिलांना विचारलं. ते म्हणाले, सासू मागता येईल असं कुठल्या कायद्यात नाही. मुलगा हो म्हणाला तरच."

रुपचंद वकील. नाव ऐकलं आणि तो जिना, ते खाली ठेवलेलं पेन, सगळं जागच्या जागी बसलं. त्याने माझं तोंड वाचलं नव्हतं. त्याच्याकडे तिचं काम आधीपासून होतं. आणि मी तीन महिने त्याच्या नजरेला घाबरून जगलो.

मी म्हणालो, "आईला विचारू."

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. घागरीची पूजा झाली. आईने मला पाटावर बसवलं, आमरस, सांजोऱ्या, पुरण. वाढताना हात आखडत नव्हता. नूतन मोरपिशी साडी नेसली होती. मी दिली ती तिने नाकारली नाही. रंग तिला शोभत नव्हता. तिने तसं सांगितलं नाही.

जेवल्यावर नूतनने आईला सगळं सांगितलं, न रडता. आई ऐकत राहिली. मला वाटलं आता आई चिडेल, कोणावर तरी. आई म्हणाली, "तुमनं काय व्हयनं ते तुमले माहीत."

मग मी विचारलं. जळगावच्या घराचं सांगितलं. तळमजला आहे, अंगण आहे, जिना नाही, निंबाचं झाड आहे. आई, माझ्याकडे चल. मी बट्टी करतो, वरण करतो, गुडघे चोळून देईन. माझा आवाज चढला होता. मला तेव्हा कळलं की मला आई हवी आहे, नूतनपेक्षाही जास्त, आणि दोघींतली एक तरी उरावी म्हणून मी भीक मागतोय.

आईने माझ्या गालावरून हात फिरवला. "भाऊ, तुन्हं घर चांगलं शे. पन पोरले एकली टाकीसन मी कोठे जाऊ? तिन्हं माहेर मीच शे."

"आणि मी?"

आईने हात काढून घेतला. "तू येत ऱ्हाय," म्हणाली.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका झोका खेळत होत्या. आईने नूतनला बळेच बसवलं आणि खुर्चीवर बसून तीच झोका देत होती. मी वरून बघत होतो. मी चुडामणच्या म्हणण्याप्रमाणे वकील करू शकतो, भांडू शकतो. पण न्यायाधीशाने विचारलं, तीन वर्षं गोळ्या कोण देत होतं, तर मी काय उत्तर देऊ? रात्री नूतनला म्हणालो, "आई तुझ्याकडेच राहील. मी हो म्हणतो."

९ मे, शुक्रवार

दोघं रुपचंद वकिलांकडे गेलो. दोघांच्या संमतीने होणार म्हणून एकच अर्ज, तेच करणार. कोर्टाला सुट्ट्या आहेत, जूनमध्ये दाखल होईल.

मी आत पाऊल टाकलं. वकिलांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखं म्हणाले, "आपण हेमराज ना? या, बसा." इतकं सफाईने की मलाच वाटलं, मी कधी आलोच नव्हतो. त्यांनी मला वाट करून दिली होती. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

ते मजकूर वाचत होते, नूतन ऐकत होती, मध्येच माझ्याकडे बघत होती, मला त्रास तर होत नाही ना म्हणून. ती नजर मला सोसवेना.

"साहेब," मी म्हणालो, "मी जानेवारीत इथे आलो होतो. याच खुर्चीवर बसलो होतो."

वकील कागद सारखे करू लागले. नूतन म्हणाली, "कशासाठी?"

"तू आलीस त्याच कामासाठी. त्या दिवशी गाडीत भेटलो तेव्हा इथूनच येत होतो. चाळणीची जाळी वगैरे काही नव्हतं. यांनी मला परत पाठवलं."

तिने वकिलांकडे बघितलं. मग म्हणाली, "मी डिसेंबरात आले होते." आणि थोड्या वेळाने, "मग मी इतके दिवस रडले ते कशाला?" मग मात्र तिचा चेहरा बदलला. "आणि त्या दिवशी मी तुमच्या पाया पडले. तेव्हा तुम्ही म्हणालात, असू दे."

"हो."

"असू दे म्हणालात!"

"हो."

तिने सही केली, पेन माझ्याकडे न देता टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली. मी सही केली. जिन्यावर ती कठड्याला टेकून उभी होती, खांदे हलत होते. जवळ गेलो तर हसत होती. डोळ्यांत पाणी आणि हसू दोन्ही. "मशीन टपावर चढवलंत तुम्ही," म्हणाली, "दोरीने बांधलंत!" मलाही हसू आलं. सतरा वर्षांत एकत्र इतकं हसलो नव्हतो. खालून वर येणाऱ्या एका जोडप्याने आम्हाला अंग चोरून वाट दिली. हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "हे आधी बोलला असतात तर." आणि डोळे पुसून जिना उतरू लागली.

तिच्याबरोबर खोलीवर जेवायला गेलो. आईने भरीत केलं होतं, कुठून तरी वांगी मिळवून. नूतनने वाढलं. जेवण झालं, गाडीची वेळ झाली. मी चप्पल घालायला निघालो तेव्हा आई म्हणाली, "थांब रे."

पाट मांडला. मला वाटलं मामा आलाय की काय, मी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. आईने कपाटातून कोरा टॉवेल काढला, त्यावर पांढरी टोपी. खाली बसता येत नाही तिला, म्हणून उभ्यानेच माझ्या कपाळाला कुंकू लावलं. 

"आई," मी म्हणालो, "मी घरचा आहे ना?"

आईने ऐकलं.  टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली, जरा तिरपी होती ती सरळ केली. "रिकामा हाते कसा धाडू रे," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

नूतन स्टँडपर्यंत आली नाही. टोपी मी गाडीत पारोळ्यापर्यंत डोक्यावरच ठेवली होती.